शोला माणसं कमी पडली

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्या माझ्याकडे बोईसरलाच राहिली होती. डोळ्यांत औषध घालायचे दिवस संपले, तेव्हा शेवटचा थेंब घालून मी बाटली टाकून दिली आणि तिला म्हटलं, "झालं एकदाचं. आता सांग, वाडीत कधी सोडू तुला?"

"सोड कधी पण," ती म्हणाली. "पण आधी मना सिनेमा दाखव."

मला वाटलं, टीव्हीवर म्हणतेय. मी रिमोट शोधायला लागले.

"ह्याच्यावर नाय गो. थेटरात. मोठ्या पडद्यावर. डोळे नवे करून घेतले ते काय तुझा हा डबा बघायला?"

ही माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आमची वाडी नवापूरच्या अलीकडे. चिकूची झाडं, नारळ, भाजीचे चार वाफे, आणि वाऱ्याला कायम खाऱ्या पाण्याचा आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास. आई वाडीत असायची तेव्हा आम्हाला आत्यानं बघितलं आणि आत्या वाडीत असायची तेव्हा आईनं. आता ती ऐंशीच्या घरात आहे, माझ्या भावाकडे असते, आणि अजूनही चिकूच्या पाट्यांमधून कच्चं फळ हातानं चाचपून बाजूला काढते.

मी लहान असताना आळीतल्या बायकांना सिनेमाला नेणारी तीच होती. बोईसरला स्टेशनजवळ एक थिएटर होतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी खुर्च्या, भिंतीवर उंच लावलेले पंखे. नवा सिनेमा लागला की दूधवाला किंवा एसटीचा कंडक्टर गावात बातमी आणायचा. मग आत्या दोन दिवस आधीपासून घरोघर जाऊन बायका जमवायची. कोणाची सासू नको म्हणायची, तर तिच्या सासूलाच आधी पटवायची. "तुमीच चला की," म्हणायची, आणि सासू खरंच यायची. ठरलेल्या दिवशी सगळ्यांचा स्वयंपाक लवकर उरकायचा. दुपारच्या एसटीनं आम्ही निघायचो. गाडीत आधीच बसलेल्या कोळणी विचारायच्या, "चालल्या कुठं सगळ्या नटून?" आणि सिनेमाचं नाव ऐकून त्यांच्यातली एखादी रिकामी पाटी घेऊन आमच्याबरोबर उतरायची.

तिकिटाची खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक. बायकांची रांग वेगळी, पण रेटारेटी तीच. त्या भोकात हात घालायचा आणि तिकिटं मुठीत धरून बाहेर ओढायचा. बांगड्या भरलेला हात तिथं अडकायचा, कधी बांगडी फुटून रक्त यायचं. आत्याचे हात रिकामे होते. म्हणून बायका तिलाच पुढं करायच्या. "तुझा हात लगेच निगतो," असं त्या सहज बोलायच्या आणि तीही सहज पुढं व्हायची. तिकिटांची मूठ डोक्यावर उंच धरून ती गर्दीतून बाहेर यायची, तेव्हा तिच्याइतकं मोठं कोणीच नाही असं मला वाटायचं.

आत शांतता अशी नसायचीच. आम्ही भाकऱ्या, तळलेले बोंबील न्यायचो. डबा उघडला की पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून बघायची आणि मग डबा पुढं जायचा. तिकडून कोणाच्या तरी शेंगा मागं यायच्या. पोरं रडायची, बायका त्यांना घेऊन भिंतीशी उभ्या राहून सिनेमा बघायच्या. आणि आत्या पडद्यावरच्या माणसांशी बोलायची. खलनायक दाराआड लपला की ओरडायची, "अगं, मागं बघ मागं!" नायिकेला वेळेवर बोलता आलं नाही तर तिच्या वतीनं ही उत्तर द्यायची. तिच्या उत्तराला कधीकधी पुढून शिट्ट्या पडायच्या. मला लाज वाटायची, मी खुर्चीत खाली सरकायचे.

पण तिचं हसणं मला आवडायचं. घरात ती तशी हसत नसे. घरात हसताना पदर तोंडावर जायचा, आणि आजी बसलेली असली तर तेवढंही नाही. विधवेनं खिदळू नये असं कोणी तिला तोंडावर म्हटलेलं मी ऐकलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं. थिएटरात शेकडो माणसं हसत असताना हिचं हसणं कोण वेगळं काढणार? मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसायची. एकदा तर शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारून हसली आणि त्या बाईनं हिच्या पाठीवर थाप मारली. परतीच्या एसटीत सगळा सिनेमा पुन्हा एकदा व्हायचा, आणि गाव येईपर्यंत आत्या हळूहळू गप्प होत जायची.

पुढं आळीत टीव्ही आले, मग केबल आली. बायका जमेनाशा झाल्या. माझं लग्न झालं. नवरा सांगलीकडचा, इथं एमआयडीसीत ऑपरेटर म्हणून आलेला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्याच थिएटरात जायचो. तेव्हा तिथं बहुतेक कारखान्यांतले कामगारच असायचे, सगळीकडं हिंदी ऐकू यायचं, पण गाणं लागलं की पाच-सहा जण उठून पडद्यासमोर नाचायचे. नंतर पंखे बंद पडले ते कोणी दुरुस्त केले नाहीत. खुर्च्यांतून ढेकूण निघाले. लागणारे सिनेमेही असे आले की माझा नवराच म्हणाला, आता इथं बाईमाणसाला आणण्यासारखं राहिलं नाही. मग एके वर्षी ते बंद झालं. काही काळ तिथं फर्निचरचा सेल लागायचा.

आता मॉलमध्ये नवं थिएटर आहे. मी आणि नवरा वर्षातून एखाद-दोन वेळा जातो. आत्या मात्र जुनं बंद पडल्यापासून कुठल्याच थिएटरात गेली नव्हती. त्या आठवड्यात एक मराठी सिनेमा लागलेला होता, दोन म्हाताऱ्या भावांच्या भांडणाचा. दिवसभरात एकच खेळ, दुपारचा. मी मोबाइलवरून तिकिटं काढणार होते, पण आत्या म्हणाली, "नको. मी काढते खिडकीवर."

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं रिक्षानं मॉलला गेलो. आत्यानं ठेवणीतलं हिरव्या काठाचं पातळ नेसलं होतं आणि पिशवीत चिकू, उकडलेल्या शेंगा घेतल्या होत्या. दारावरच्या पहारेकऱ्यानं पिशवीत हात घातला. "अम्मा, खाने का सामान अंदर नहीं ले जा सकते."

"मग काय करू ह्याचं?" तिनं मला विचारलं.

"इथं ठेवायचं, जाताना घ्यायचं."

तिनं एक चिकू काढून त्या पहारेकऱ्याच्या हातात ठेवला. "ठेवायचं कशाला? तू खा. आमच्या वाडीतला हाय." तो हसला, इकडं तिकडं बघून त्यानं चिकू खिशात टाकला आणि पिशवी टेबलाखाली ठेवली.

तिकिटाच्या काउंटरला भोक नव्हतं, काचही नव्हती. एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. आत्या पदर सावरून पुढं झाली आणि म्हणाली, "तीन दे." मुलीनं पडद्यावर काहीतरी बघितलं आणि माझ्याकडं वळली.

"मॅडम, हा शो बहुतेक कॅन्सल होईल. दोनच बुकिंग आहेत. तुमची धरली तरी कमी पडतात. एवढ्या लोकांसाठी शो चालवत नाहीत. त्याऐवजी हिंदी बघता का? तो चालू होतोय आत्ता."

आत्याला नीट कळलं नाही. मी समजावून सांगितलं, की माणसं कमी आहेत म्हणून सिनेमा दाखवणार नाहीत. तिला ते पटेना. गर्दी आवरेना म्हणून थिएटरवाल्यांना माणसं नकोशी झालेली तिनं बघितली होती, दारं लावून घेतलेली बघितली होती. माणसं नाहीत म्हणून सिनेमा नाही, हे तिला नवीन होतं.

"किती माणसं पायजेत?" तिनं मुलीला विचारलं.

"अजून चार-पाच तरी, आजी. पंधरा-वीस मिनिटांत."

"थांब मग. बंद करू नको." आणि ती निघाली.

मी मागून हाका मारत गेले. नवरा तिथंच थांबला, कारण हसू आवरण्यासाठी त्याला भिंतीकडं तोंड करावं लागलं होतं. आत्या सरळ खाण्याच्या दुकानांपुढच्या टेबलांकडं गेली. दुपारची वेळ, बरीच टेबलं रिकामी. एका टेबलाशी तिशीतले दोन कामगार नुसतेच बसले होते, पुढ्यात काही नाही. बाहेर ऊन होतं आणि इथं एसी. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सिनेमा देखने का हाय?"

ते दोघं उठूनच उभे राहिले. त्यांना वाटलं, कोणी उठवायला आलंय.

"बैठो बैठो. सिनेमा. मराठी. आदमी कम हाय, इसके लिए बंद करता हाय वो लोग. तुमी आयेगा तो चालू होयेगा."

"अम्मा, मराठी हमको पूरा समझता नहीं," त्यातला एक म्हणाला.

"मी हाय ना सांगायला."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तिकिटं आम्ही काढतो असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "नहीं दीदी, हम अपना ले लेंगे. आज छुट्टी है, कमरे पे जा के भी क्या करना है." ते बिहारचे होते, एका रंगाच्या कारखान्यात कामाला.

कोपऱ्यात एक वयस्क जोडपं बसलं होतं. यवतमाळकडचे. त्यांचा मुलगा अणुवीज केंद्रात नोकरीला, हे दोघं त्याच्याकडं राहायला आलेले. मुलगा आणि सून खरेदीत होते, आणि ह्यांना सांगून गेले होते की इथंच बसा. आत्यानं त्या काकूंना फार काही सांगितलंच नाही. "चल गो, सिनेमाला," एवढंच म्हणाली, जशी आळीत म्हणायची. काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. "पोराला फोन करून सांगा, म्हणा आम्ही पिच्चर पाहून राहिलो," असं म्हणून त्या चपला सरकवत उठल्या.

काउंटरवरच्या मुलीनं आमची वरात येताना बघितली आणि तीही हसायला लागली. शो चालू झाला.

आत गेल्यावर सगळे आपापल्या नंबरावर गेले. बिहारी दोघं पुढं, पडद्याजवळ. काका-काकू मधे एका कडेला. आधीच तिकीट काढलेले एक मुलगा आणि मुलगी सगळ्यात वर. आम्ही तिघं मधोमध. आत्यानं वळून त्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं. प्रत्येक खुर्ची एखाद्या पलंगासारखी. ती उठली.

"अरे, इकडं या सगळे. एवढ्या मोठ्या घरात लांब लांब कशाला बसायचं?"

टॉर्च घेतलेला माणूस आला आणि म्हणाला की नंबराप्रमाणेच बसायचं. "दुसरं कोण येणार हाय?" आत्यानं विचारलं. त्यानं सगळ्या हॉलकडं एकदा बघितलं आणि निघून गेला. ते चौघं येऊन आमच्या रांगेत बसले.

जाहिराती खूप वेळ चालल्या. आवाज छातीत धडधडायचा. थंडी एवढी की मी माझी ओढणी आत्याच्या पायांवर टाकली. पण पडदा उजळला आणि पहिलंच दृश्य माडांचं आलं, तेव्हा ती पुढं सरकून बसली. "पानं बघ," ती मला हळूच म्हणाली. "पानाची शीर न शीर दिसते."

गोष्ट साधी होती. दोन भाऊ, मधली एक विहीर, आणि कितीतरी वर्षांचा अबोला. आत्या त्या दोघा बिहारी कामगारांना आपल्या हिंदीत सांगत होती. "ये बडा. वो छोटा. बडा गलत बोलता हाय, पण दिल का अच्छा हाय." ते मान डोलवत होते. त्यातला एक म्हणाला, "हमारे गाँव में भी ऐसा ही है अम्मा, कुएँ का ही झगड़ा." मोठा भाऊ उगाच बायकोवर खेकसला तेव्हा आत्या रंगात आली. "अरे, ती काय तुझी नोकर हाय?" तिनं पडद्याला विचारलं. काकूही म्हणाल्या, "पाहा ना, कसा बोलून राहिला!"

वरून आवाज आला. "एक्स्क्यूज मी, आजी. प्लीज. आम्हाला ऐकू येत नाहीये."

तो मुलगा उद्धट नव्हता. त्यानं पैसे मोजले होते, त्याला सिनेमा ऐकायचा होता. मी मागं वळून हात वर केला. आत्यानं मला विचारलं, "आपल्याला बोलला?" मी हो म्हटलं. तिनं ओठ मिटले.

त्यानंतर ती शहाण्यासारखी बसली. बिहारी दोघांनी एकदा काही विचारलं, तर तिनं बोट ओठांवर ठेवलं. थोड्या वेळानं एक फारच गमतीचा प्रसंग आला. धाकटा भाऊ चोरून विहिरीवर पाणी काढतो, मोठा समोर येतो, आणि दोघंही घाबरून एकाच वेळी लपतात. मला हसू फुटलं, नवऱ्यालाही. मी आत्याकडं बघितलं. तीही हसत होती, खांदे हलत होते, पण पदराचा बोळा तोंडात धरलेला. आजीसमोर बसल्यासारखी. मला पुढचे दोन-तीन प्रसंग नीट दिसलेच नाहीत.

मध्यंतरात दिवे लागले. एका बिहारी कामगाराचा फोन वाजला, कोणीतरी आलं नव्हतं म्हणून त्याला पाळीवर बोलावलं होतं. तो आत्याच्या पाया पडून गेला. दुसरा थांबला, पण पुढचा सिनेमा अर्ध्यावर येईपर्यंत त्या पलंगासारख्या खुर्चीत झोपून गेला. वरचा मुलगा आणि मुलगी आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसले होते. बाहेर खाण्याच्या काउंटरवर आम्हीच. काकूंनी आपल्या पिशवीतून दोन तिळाच्या वड्या काढल्या. त्या कशा काय आत आल्या होत्या कोण जाणे. एक त्यांनी आत्याला दिली. दोघी कोपऱ्यात उभ्या राहून त्या खात होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. मी जवळ गेले तेव्हा काकू म्हणत होत्या, "इथं आल्यापासून कोणाशी दोन शब्द बोलली नाही मी. पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय. पण दिवसभर दार बंद."

सिनेमा संपला. शेवटी मोठा भाऊ दार उघडतो. नावं सरकायला लागल्याबरोबर झाडूवाल्या आत आल्या आणि आमच्या पायांशी झाडायला लागल्या. झोपलेल्या कामगाराला आत्यानं हलवून उठवलं. "संपला, बाबा. गोड झाला सगळा." तो डोळे चोळत हसला.

बाहेर मी तिला विचारलं, "कसा वाटला?"

"सिनेमा चांगला होता," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "पण आत थंड फार."

पहारेकऱ्यानं शेंगांची पिशवी परत दिली. काकूंचा पत्ता आणि फोन तिनं मला मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लावला. पुढच्या सुट्टीला ते दोघं खरंच वाडीत आले. काकांनी चिकूचं झाड आधी पाहिलेलं नव्हतं. ते एकेका झाडाखाली उभे राहून वर बघत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी आत्याचा फोन आला. आळीतल्या बायका तयार आहेत, टेम्पो ठरवते, शो बंद पडायचा प्रश्नच नाही. मी बघितलं तर तो सिनेमा मॉलमधून केव्हाच गेला होता. मात्र मोबाइलवर आला होता. मी सुट्टीला वाडीत गेले आणि भाच्याकडून तो टीव्हीवर लावून घेतला. बायका आल्या, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या. सुरुवात बरी झाली. मग एकीच्या घरून फोन आला. एक कुकर बंद करायला गेली ती परत आली नाही. कोणीतरी म्हणालं, जरा थांबव, मी आलेच. भाच्यानं थांबवला. विहिरीवरचा धाकटा भाऊ हातात पोहरा घेऊन, तोंड अर्धवट उघडं ठेवून टीव्हीत उभा राहिला. चहा झाला. पुन्हा लावला, पुन्हा थांबवला. जुन्या थिएटरात आम्ही लघवीला सुद्धा धावत जायचो आणि धावत यायचो, कारण सिनेमा आमच्यासाठी थांबत नसे. शेवटी आत्याच उठून वाफ्यांना पाणी घालायला निघून गेली. संध्याकाळ व्हायला आली तसा वहिनीनं टीव्ही बंद केला.

बायका जायला उठल्या, पण ओट्यावर रेंगाळल्या. "मग पुढं काय झाला त्या भावांचा?" एकीनं विचारलं.

आत्या नळाखाली पाय धूत होती. पदराला हात पुसत ती ओट्यावर येऊन बसली. "सांगते," म्हणाली. मी माझी पर्स खांद्यावरून उतरवून ठेवली. बोईसरची एसटी आणखी एक होती.

तिनं सुरुवात पार पहिल्यापासून केली. माड सांगितले, विहीर सांगितली, मोठ्याची बायको उभी केली. "तवा तो मोठा असा खेकसला तिच्यावर. तर तो बिहारचा पोऱ्या काय बोलला, आमच्या गावात पण विहिरीवरनंच भांडण हाय. आणि काकू बोलली, बघा कसा बोलतो तो..."

"हा बिहारचा कोण?" बायकांपैकी एकीनं मधेच विचारलं. "मोठ्याचा गडी काय?"

"नाय गो. तो माझ्या बाजूला बसलेला," आत्या म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.